सिग्नलवरचा आकडा गेला कुठे?

प्रश्न : आमच्या चौकात नवा सिग्नल बसला, पण उलटे सेकंद मोजणारा आकडा गेला. लाल दिवा कधी चाळीस सेकंद असतो, कधी त्याच्या दुप्पट. हे ठरवतं कोण?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या वर्णनावरून हा सिग्नल गर्दी बघून वेळ बदलणारा दिसतो. आकडा दाखवायचा तर दिवा किती वेळ राहणार हे आधी ठरलेलं हवं, आणि इथे नेमकं तेच ठरलेलं नसतं. रस्ता मोकळा झाला की हिरवा लवकर संपतो, रांग असली की लांबतो. ‘अजून १२ सेकंद’ वाचून दुचाकीस्वाराने वेग घेतला आणि पाचव्या सेकंदाला दिवा बदलला, तर? त्यापेक्षा आकडा नसलेला बरा.

ही कल्पना जुनीच आहे. सिडनीची ‘स्कॅट्स’ आणि ब्रिटनची ‘स्कूट’ या दोन्ही पद्धती १९७०च्या दशकातल्या. डांबरात करवतीने खाच पाडून तारेचं वेटोळं पुरतात आणि त्यातून वीज खेळवतात. वर गाडी आली की तिच्या धातूमुळे वेटोळ्याचं इंडक्टन्स घटतं, तेवढ्यावरून नियंत्रकाला गाडी कळते. स्कॅट्सचं वेटोळं थांबरेषेपाशी असतं, त्यामुळे आत्ताचा हिरवा किती वाया गेला ते समजतं. स्कूटचं बरंच मागे असतं, म्हणजे येणारी गर्दी चौकात पोचण्याआधीच मोजली जाते. वेळ मात्र थोडाथोडाच बदलतात. एकदम मोठी उडी घेतली तर पुढच्या चौकाशी जमवलेला मेळ बिघडतो.

आपल्याकडे अडचण वेगळी. लेन कुणी पाळत नाही, दोन गाड्यांच्या फटीतून तीन दुचाकी पुढे येतात, आणि रस्ता खोदला की तार तुटलीच. म्हणून इथे खांबावरचे कॅमेरे जास्त उपयोगी पडतात. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने तर अशा मिश्र वाहतुकीसाठी ‘कोसिकॉस्ट’ ही वेगळी प्रणालीच तयार केली. बंगळूरुतही ती वापरात आहे. पुढचा रस्ताच तुंबला असेल, तर मात्र कुठलीच प्रणाली फार काही करू शकत नाही.

मला खरी काळजी वाटते ती पायी चालणाऱ्यांची. वेटोळ्याला माणूस जाणवत नाही. सेकंदाला १.२ मीटर चाल धरली तर २४ मीटरचा रस्ता ओलांडायला २० सेकंद लागतात. गुडघे धरलेल्या आजींना त्याहून जास्त. हा किमान वेळ गाड्यांची कितीही गर्दी झाली तरी कमी होता कामा नये, तो यंत्रात पक्का बांधून द्यावा लागतो. तुमच्या चौकात तो पुरत नसेल, तर कुठल्या बाजूला आणि किती वाजता ते लिहून वाहतूक शाखेला जरूर कळवा.