आधी भावाकडे जा: डिंका लोकांकडून एक धडा



मत्तयच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात (वचने 23-24) प्रभू येशूने आपल्याला एक अवघड आज्ञा दिली आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन आलात आणि भावाचे आपल्याशी बिनसले आहे हे आठवले, तर आधी त्याच्याकडे जा, समेट करा आणि मग अर्पण करा. हे वाचन आपण अनेकदा ऐकतो, मान डोलावतो आणि भावाकडे न जाताच अर्पणविधीला उभे राहतो. ही आज्ञा पाळायची म्हणजे नेमके काय करायचे? त्याचे उत्तर शोधण्यासाठी आज आम्ही आपणास आफ्रिकेतील दक्षिण सुदान या देशातील डिंका लोकांकडे नेत आहोत.

गाईगुरांचे लोक

पांढऱ्या नाईल नदीच्या दोन्ही अंगांना, पाणथळ गवताळ प्रदेशात डिंका लोक राहतात. ते स्वतःला 'जिएंग' म्हणवतात. त्यांचे सारे जीवन गुरांभोवती फिरते. पावसाळ्यात ते उंचवट्यावरील गावांत राहतात व ज्वारी पिकवतात. कोरड्या दिवसांत तरुण मंडळी गुरे घेऊन नदीकाठच्या कुरणांत तळ देतात. डास पळवण्यासाठी शेणाच्या धुन्या पेटवतात आणि तीच राख अंगाला फासतात. मुलगा वयात आला की त्याला एक बैल मिळतो. त्या बैलावर तो गाणी रचतो आणि बैलाच्या रंगावरून त्यालाही नाव पडते. पांढऱ्या बैलाला 'माबिओर' म्हणतात आणि माणसांतही हे नाव आढळते.

लग्न ठरते ते मुलीच्या घरी गाई देऊन. कोणाचा खून झाला तर मारणाऱ्याच्या कुळाने मृताच्या कुळाला गाई द्यायच्या असतात. त्या गाईंवर मृताच्या नावाने लग्न लावून त्याचा वंश पुढे चालवला जातो. म्हणजे तेथे गाय ही केवळ संपत्ती नव्हे, तुटलेले नाते सांधणारा तो दुवा आहे. त्यांच्या भाषेत 'चिएंग' असा एक शब्द आहे. एकत्र राहणे, एकमेकांना सांभाळणे आणि नीट वागणे हे सारे त्या एका शब्दात येते. आकाशातील परमेश्वराला ते 'न्हिआलिच' म्हणतात. बैलाचे बलिदान करताना सारे कुळ त्यांच्यापुढे एकत्र उभे राहते.

युद्धाने काय मोडले

सुदानमध्ये उत्तर आणि दक्षिण यांच्यात दोन यादवी युद्धे झाली. पहिले 1955 ते 1972 आणि दुसरे 1983 ते 2005. 1983 मध्ये राष्ट्राध्यक्ष निमेरी यांनी दक्षिणेची स्वायत्तता मोडीत काढली आणि देशभर शरियत कायदा लागू केला. दक्षिणेतील बंडाचे नेतृत्व जॉन गरांग या डिंका पुढाऱ्याने केले. दुसऱ्या युद्धात लढाई, उपासमार व रोगराई यांनी सुमारे 20 लाख माणसे दगावली, असा अंदाज आहे. सरकारच्या पाठिंब्याने टोळ्या घोड्यांवरून येत, गावे जाळत, गुरे हाकून नेत आणि बायकामुलांना गुलाम करीत. 1988 आणि 1998 मध्ये बहर-अल-गझल भागात भीषण दुष्काळ पडला. आईबापांपासून दुरावलेली हजारो मुले पायी चालत इथिओपियात गेली. 1991 मध्ये तेथूनही पळावे लागल्याने त्यांपैकी अनेक जण पुढच्या वर्षी केनियातील काकुमा छावणीत पोहोचले.

मात्र सर्वांत खोल जखम परक्याने केली नाही. 1991 मध्ये दक्षिणेच्या सैन्यात फूट पडली. शेजारचे न्युएर लोकही गुरे पाळणारे, डिंकांशी सोयरीक असलेले. त्यांचा पुढारी रिएक माचार वेगळा झाला आणि त्याच्या सैनिकांनी बोर येथील डिंकांवर हल्ला केला. किमान 2000 माणसे मारली गेली. त्यानंतर दोन्ही बाजूंनी सूड सुरू झाला. पूर्वी भांडण भाल्याने होई, कोणी कोणाला मारले हे ठाऊक असे आणि गाई देऊन समेट होई. आता बंदूक आली. कोणाची गोळी कोणाला लागली हे कळेना. बायकामुलांना मारायचे नाही हा जुना नियमही मोडला. 'चिएंग' नाहीसे झाले.

याच काळात डिंका लोकांत ख्रिस्ती श्रद्धा झपाट्याने पसरली. संत डॅनियल कोम्बोनी 1858 मध्ये त्यांच्यात येऊन राहिले होते, पण शंभर वर्षांत फार थोडे लोक ख्रिस्ती झाले. 1964 मध्ये सरकारने परदेशी मिशनऱ्यांना हाकलून दिले. तरीही युद्धाच्या राखेत माणसे येशूकडे वळली. यशया संदेष्ट्याच्या अठराव्या अध्यायात नद्यांच्या देशातील उंच लोकांचा उल्लेख आहे. तो आपल्याविषयीच आहे, असे त्यांना वाटले.

वुनलितची बैठक

पुढारी शांती करीनात, तेव्हा तेथील विविध ख्रिस्तसभांच्या संयुक्त मंडळाने गावच्या प्रमुखांना हाक दिली. जून 1998 मध्ये दोन्ही जमातींचे प्रमुख केनियात भेटले. पुढच्या वर्षी न्युएर प्रमुख डिंकांच्या मुलखात गेले आणि डिंका प्रमुख न्युएरांच्या मुलखात. ज्यांच्या माणसांनी आपली माणसे मारली, त्यांच्याच दारात पाहुणे म्हणून जायचे होते. परत येऊ याची खात्री नव्हती. तरी ते गेले.

फेब्रुवारी-मार्च 1999 मध्ये वुनलित या गावी मोठी परिषद भरली. माबिओर, म्हणजे पांढरा बैल अर्पण करण्यात आला. ख्रिस्ती उपासनाही झाली. परंतु तेवढ्यावर कोणी घरी गेले नाही. कित्येक दिवस एका बाजूने आपली दुःखे सांगायची आणि दुसऱ्या बाजूने ती ऐकायची, असे चालले. मग ठराव झाले: पळवलेली बायकामुले परत करावीत, कुरणे व मासेमारीच्या जागा सर्वांना खुल्या असाव्यात. 300 हून अधिक जणांनी करारावर सही केली किंवा अंगठा उठवला.

ही शांती कायमची टिकली का? नाही. 2011 मध्ये दक्षिण सुदान स्वतंत्र झाला आणि डिसेंबर 2013 मध्ये पुन्हा युद्ध पेटले. अकोबो येथे आश्रयाला आलेल्या डिंका नागरिकांचे रक्षण करताना राष्ट्रसंघाच्या सेनेतील दोन भारतीय जवानांनी प्राण दिले. 2018 मध्ये करार झाला. एप्रिल 2019 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये त्या देशाच्या पुढाऱ्यांपुढे गुडघे टेकून त्यांच्या पायांचे चुंबन घेतले आणि फेब्रुवारी 2023 मध्ये ते स्वतः जुबा येथे गेले. तरीही 2025 मध्ये तेथे पुन्हा लढाई भडकली. शांती एकदा करून ठेवायची वस्तू नाही. गुरांसारखी ती रोज सांभाळावी लागते.

आपल्यासाठी

वुनलितच्या त्या प्रमुखांनी मत्तयचे वचन पाळून दाखवले. ते आधी भावाच्या दारात गेले, त्याची तक्रार ऐकली, घेतलेले परत करण्याचे ठरवले. बलिदान या सर्वांच्या जागी नव्हते, या सर्वांसह होते. समेट संस्कारातही आपल्याकडून हेच अपेक्षित आहे: पश्चात्ताप, पापनिवेदन आणि भरपाई.

आपल्या धर्मग्रामातही एकाच अंगणात दोन कुंपणे झाली आहेत. सातबाऱ्यावरून अबोला धरलेले भाऊ एकाच मिस्साबलिदानाला येतात, पण शांतीची खूण देताना मान दुसरीकडे वळवतात. आम्ही हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. आम्हा धर्मगुरूंमध्येही असे अबोले असतात. म्हणून हे प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारत आहोत:

1. कोणाच्या दारात जायचे मी टाळत आहे?
2. त्याचे म्हणणे मध्येच न तोडता मी कधी पूर्ण ऐकले आहे का?
3. माझ्याकडे त्याचे असे काय आहे, जे परत करायला हवे?

पुढच्या रविवारी वेदीकडे येण्यापूर्वी आपण त्यातल्या एका दारापर्यंत तरी जाऊ या. दार उघडले नाही, तरी आपण गेलो होतो हे त्या घराला कळेल.

प्रभूची शांती आपणा सर्वांच्या घरी नांदो.

आपले प्रमुख धर्मगुरू