मरळीचा गळ

गळाला आमिष लावून मासा धरणे म्हणजे माशाच्या भुकेचा फायदा घेणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. माझीही होती. दर्यापूर तालुक्यातील आमच्या गावी, पूर्णेच्या डोहावर बसणाऱ्या एका वृद्ध भोयांनी ती खोडून काढली. त्यांना सारे गाव आबाजी म्हणते.

सातपुड्यात उगम पावून अमरावती-अकोल्याच्या खारपाणपट्ट्यातून पश्चिमेस वाहत पूर्णा चांगदेवला तापीस मिळते. उन्हाळ्यात तिची धार तुटते व जागोजाग डोह उरतात. पाणी गढूळ, तापलेले. इतर मासे त्यात गुदमरतात. मरळ मात्र टिकते. कल्ल्यांखेरीज तिच्या डोक्यात हवा साठवणारी एक पोकळी असते, आणि श्वासासाठी तिला पृष्ठभागावर यावेच लागते. म्हणूनच ओल्या गोणपाटात ती बराच वेळ जिवंत राहते, बाजारात जिवंत विकली जाते आणि तिला भावही चांगला मिळतो. अंग लांबट, डोके सापासारखे. प्रथमच पाहणारा दचकतो.

मरळ शिकारी आहे. बेडूक, लहान मासे हे तिचे भक्ष्य. गळ टोचताना लहान माशाच्या पाठीवरच्या पराखालून, कणा टाळून टोचावा लागतो. आमिष मेले की अर्धे काम गेले. माशाच्या अंगावरील बाजूच्या रेषेला पाण्यातील कंप कळतो, आणि धडपडणाऱ्या जिवाचा कंप मरळीला लांबून बोलावतो. शेवाळावरून बेडूक ओढत नेणे ही दुसरी रीत. मरळ आमिष धरते, थांबते, तोंडात फिरवते, मग गिळते. नवशिका नेमका त्या थांबण्याच्या क्षणी हिसका देतो आणि रिकामा गळ घेऊन घरी जातो. (मी एक पूर्ण सुटी याच रीतीने घालविली.) आता शहरात रबरी बेडूकही मिळतात, त्यांचे काटे अंगालगत वर वळविलेले असतात, म्हणजे शेवाळ अडकत नाही.

हा छंद आपल्याकडे साहेबांनी आणला, असे काही जण म्हणतात. पण कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोदावर स्वतंत्र प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांचे खाद्य, गळ आणि दोरी यांचा त्यात विचार केलेला आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये त्यावर लेख लिहिला. इंग्लंडात आयझॅक वॉल्टनचे गळावरील प्रसिद्ध पुस्तक 1653 चे. पाइक नावाच्या शिकारी माशासाठी बेडूक कसा टोचावा हे तोही सांगतो. दोन्ही ग्रंथ वाचनीय आहेत. आबाजींना दोहोंची गरज पडली नाही.

पावसाळ्यात मरळ गवताळ पाण्यात अंडी घालते. ती तरंगतात, दीड-दोन दिवसांत फुटतात, आणि तांबूस-केशरी पिलांचा थवा ताटाएवढा गोल होऊन पाण्यावर फिरू लागतो. खाली राखण असते, बहुधा नराची. त्या थव्याजवळ काहीही टाका, धडक बसते. “थे भुकेनं नाही येत बाबू,” आबाजी म्हणाले होते, “लेकराईच्या रागानं येते.” रबरी बेडकावरही ती का तुटून पडते, याचा उलगडा मला तेव्हा झाला. रागाला चव लागत नाही.

मरळीची बाजू घेणे सर्वांना पटणार नाही. तलावात रोहू-कटल्याचे बीज सोडणाऱ्याला ती शत्रू वाटते, आणि त्याच्यापुरते ते खरेच आहे. पण पूर्णेच्या डोहात कोणी बीज सोडत नाही. तेथे राखण करणारा एक मासा काढणे म्हणजे पिढी काढणे होय. धरून पुन्हा सोडल्यानेही फार साधत नाही, कारण तेवढ्या अवधीत इतर मासे पिलांवर टपलेलेच असतात.

हे मी ऐकून लिहीत नाही. बारावीच्या वर्षी श्रावणात आबाजी गावी नसताना मी तसाच थवा पाहिला आणि रबरी बेडूक टाकला. दुसऱ्याच फेकीला दोन किलोचा नर निघाला. मला फार आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे. संध्याकाळी थवा विस्कटलेला दिसला. सकाळी काठावर पाणकावळे होते. तिसऱ्या दिवशी पाण्यावर तांबूस असे काही उरले नव्हते.

आईने मरळीचा रस्सा केला होता. त्याच रात्री आबाजी गावी परतल्याचे कळले, म्हणून तिने धाकट्याच्या हाती त्यांच्याकडे वाटी पाठविली. मरळ कोठे धरली, हे त्यांनी त्याला विचारले. थोड्या वेळाने वाटी परत आली, भरलेलीच.