गजांआडचे नाते : कैदेतील आप्ताशी सिलए-रहमी

रक्ताचे नाते जोडून ठेवणे ही इबादत आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आजारी नातेवाइकाची विचारपूस, लग्नकार्यात सहभाग, मयतीला जाणे, ईदच्या भेटी ही सिलए-रहमीची रूपे आपल्याला परिचित आहेत. परंतु घरातील मुलगा, भाऊ, पती किंवा पिता कारागृहात गेला की हीच शिकवण अचानक अवघड वाटू लागते. मोहल्ल्यात त्याचे नाव घेणे टाळले जाते. बहिणीचे स्थळ मोडेल या भीतीने भावाची भेट बंद होते. काही घरांत तर ‘तो आम्हाला मेला’ असे बोलून दार कायमचे लावून घेतले जाते. वाचकहो, या प्रसंगी दीन आपल्याकडून काय अपेक्षा करतो, याचा शांतपणे विचार करणे आवश्यक आहे.

कैदी आणि कुरआन

कुरआनच्या सूरह अद्-दहरमध्ये (७६:८) सदाचारी दासांचे एक लक्षण सांगितले आहे. ते अल्लाहच्या प्रेमाखातर गरजू, अनाथ आणि कैदी यांना जेवू घालतात. कैदीचा उल्लेख अनाथाच्या बरोबरीने आला आहे, हे ध्यानात घ्या. अनाथाला आधार नसतो, तसाच कैदीही परस्वाधीन असतो. त्याला हवे तेव्हा खाता येत नाही, दार उघडता येत नाही, आईला हाक मारता येत नाही. ही आयत अवतरली तेव्हा मुस्लिमांच्या ताब्यातील कैदी बहुधा विरोधी पक्षातील असत. परक्या कैद्याविषयी एवढा आदेश असेल, तर स्वतःच्या रक्ताच्या माणसाचा हक्क किती मोठा असेल!

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांचे आचरणही असेच होते. यमामाचे सरदार सुमामा बिन उसाल यांना पकडून मस्जिदे-नबवीच्या खांबाला बांधण्यात आले होते. प्रेषित (सल्ल.) तीन दिवस रोज स्वतः त्यांच्याजवळ जाऊन विचारपूस करीत राहिले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी सुमामांना मुक्त केले. सुमामा जवळच्या खजुरीच्या बागेत गेले, स्नान करून परतले आणि त्यांनी इस्लामचा स्वीकार केला. रोजच्या भेटीने आणि सन्मानाच्या चार शब्दांनी एका शत्रूचे हृदय बदलले. हजरत अबू मूसा अश्अरी (रजि.) यांच्या कथनानुसार भुकेल्याला अन्न देणे, आजाऱ्याची भेट घेणे आणि कैद्याला सोडवणे, या तिन्ही गोष्टींची आज्ञा प्रेषितांनी (सल्ल.) एकत्र दिली आहे.

‘पण त्याने तर गुन्हा केला आहे’

येथे दोन गोष्टी वेगळ्या करणे आवश्यक आहे. पहिली अशी की, कारागृहात असलेला प्रत्येक जण गुन्हेगार ठरलेला नसतो. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत सुमारे ५ लाख ७३ हजार बंदी होते. त्यांपैकी सुमारे ४ लाख ३४ हजार, म्हणजे चारांतले तीन, न्यायाधीन बंदी होते. त्यांच्या खटल्याचा निकाल लागलेला नव्हता. अशा माणसाविषयी बातमी ऐकताच निवाडा करणे हे सूरह अल्-हुजुरातच्या शिकवणीविरुद्ध आहे. बातमीची शहानिशा करा आणि संशयापासून दूर राहा, असे ती सूरह आपल्याला बजावते. स्वतः हजरत यूसुफ (अलै.) कित्येक वर्षे निर्दोष असतानाच कैदेत राहिले.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. गुन्हा खरोखर घडला असेल तर काय? प्रेषितांच्या (सल्ल.) काळात अब्दुल्लाह नावाच्या एका माणसाला मद्यपानाबद्दल एकापेक्षा अधिक वेळा शिक्षा झाली. एकदा उपस्थितांपैकी कोणी त्याला शाप दिला, तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) शाप देणाऱ्याला रोखले आणि हा मनुष्य अल्लाह व त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो, असे सांगितले. शिक्षा माफ झाली नाही, पण माणूसही समाजातून बाद झाला नाही. अशाच दुसऱ्या प्रसंगी, आपल्या बंधूविरुद्ध सैतानाचे साहाय्यक होऊ नका, असे प्रेषितांनी (सल्ल.) फर्मावले. विचार करा, घरच्यांनी टाकलेल्या कैद्याची सोबत कारागृहात कोण करतो? ज्या टोळीपासून आपण त्याला तोडू इच्छितो, तीच टोळी तेथे त्याची आई-बाप होऊन बसते.

मात्र याचा अर्थ गुन्ह्याची पाठराखण असा नाही. सूरह अन्-निसामध्ये (४:१३५) साक्ष स्वतःच्या, आई-वडिलांच्या किंवा आप्तांच्या विरुद्ध जात असली, तरी न्यायावर ठाम राहण्याचा आदेश आहे. अत्याचारी बंधूला मदत करणे म्हणजे त्याचा हात अत्याचारापासून रोखणे, असे प्रेषितांनी (सल्ल.) स्पष्ट केले आहे. म्हणून कैदेतील मुलाला भेटायला जाणारी माता खोटे साक्षीदार उभे करणार नाही, पीडिताच्या घरी धमकी पाठवणार नाही. उलट, ज्याचे नुकसान झाले त्याचा हक्क कसा परत करता येईल, याची आठवण ती मुलाला करून देईल. हुकूकुल-इबाद म्हणजे माणसांचे हक्क केवळ अश्रूंनी फिटत नाहीत. चोरलेली रक्कम परत करावी लागते आणि दुखावलेल्याची क्षमा मागावी लागते.

येथे आणखी एक खुलासा हवा. अत्याचार घरातच झाला असेल, पत्नीने मार खाल्ला असेल किंवा मुलीवर आघात झाला असेल, तर ‘सिलए-रहमी’च्या नावाखाली त्या पीडितेला कारागृहाच्या दारी ओढत नेणे हा दुसरा अत्याचार ठरेल. नाते राखण्याची जबाबदारी इतर आप्तांनी उचलावी. पीडितेचे संरक्षण हेही घराचेच कर्तव्य आहे.

ह. याकूब (अलै.) यांचा धडा

सूरह यूसुफ आपण अनेकदा वाचतो. आता ती कैद्याच्या पित्याच्या नजरेने वाचा. ह. याकूब (अलै.) यांना मुलाचा ठावठिकाणा माहीत नव्हता. दुःखाने त्यांचे डोळे पांढरे पडले. घरचेच लोक त्यांना, किती दिवस त्याची आठवण काढत बसणार, असे म्हणू लागले. तरीही त्यांनी आपले गाऱ्हाणे अल्लाहपुढेच मांडले आणि उरलेल्या मुलांना आज्ञा केली की जा, यूसुफचा व त्याच्या भावाचा शोध घ्या, अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका. सब्र म्हणजे हात जोडून बसणे नव्हे, हे या आज्ञेतून दिसते. डोळ्यांत अश्रू, ओठांवर दुआ आणि पायांना शोधाची वाट, या तिन्हींचे मिळून सब्र होते.

दुसरीकडे कैदेत यूसुफ (अलै.) काय करीत होते? सोबतच्या दोन तरुणांना एकेश्वरत्वाचा संदेश देत होते, त्यांच्या स्वप्नांचा अर्थ सांगत होते. त्यांपैकी जो सुटणार होता त्याला त्यांनी सांगितले की, तुझ्या मालकाजवळ माझी आठवण काढ. सैतानाने ती गोष्ट त्याला विसरायला लावली आणि यूसुफ (अलै.) आणखी काही वर्षे कैदेत राहिले. वाचकहो, कैद्याला सर्वांत मोठे भय विसरले जाण्याचे असते. बाहेरच्या एका माणसाच्या विसराळूपणाची किंमत आतला माणूस वर्षांमध्ये मोजतो. वकिलाला करायचा फोन, न्यायालयाची तारीख, जामिनाचा कागद यांविषयी ‘उद्या पाहू’ म्हणताना ही आयत आठवावी.

नाते कसे राखावे?

भेट : कारागृहातील भेटीला आपल्याकडे ‘मुलाकात’ म्हणतात. कुटुंबीयांना भेटणे हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये फ्रान्सिस कोराली मुलीन खटल्यात मान्य केले. भेटीचे दिवस, वेळ व नोंदणी यांचे नियम त्या त्या कारागृहात विचारून घ्यावेत आणि ओळखपत्र सोबत ठेवावे. दूरच्या कुटुंबांसाठी ‘ई-मुलाकात’ ही दृक्श्राव्य भेटीची सोयही आहे. महाराष्ट्रातील कारागृहांत शिक्षाबंदींना आपल्या लहान मुलांना जवळ घेता यावे म्हणून ‘गळाभेट’ हा उपक्रमही राबवला गेला आहे. भेटीची मिनिटे मोजकी असतात. ती उपदेशात व उलट्या प्रश्नांत घालवू नका. सलाम करा, तब्येत विचारा, घरची खबर द्या आणि पुन्हा येण्याचा शब्द द्या. जो शब्द पाळता येणार नाही, तो मात्र देऊ नका.

पत्र : भेट संपते, पत्र मात्र उशाशी राहते. ते रात्री पुन्हा वाचता येते. १९०८ मध्ये मौलाना हसरत मोहानी यांना इंग्रज सरकारने कैद केले, तेव्हा त्यांची लहान मुलगी आजारी होती. तरीही बेगम निशातुन्निसा यांनी त्यांना पत्र लिहून, घरची चिंता न करता खंबीर राहण्याचा धीर दिला. मौलाना अबुल कलाम आझाद १९४२ पासून अहमदनगरच्या किल्ल्यात बंदी असताना, एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी जुलैखा बेगम कलकत्त्यात मृत्यू पावल्या. अखेरची भेट झाली नाही. त्याच किल्ल्यात त्यांनी एका मित्राला उद्देशून पत्रे लिहिली. ती त्या वेळी टपालात पडू शकली नाहीत, पण पुढे ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ग्रंथरूप झाली. पत्र पोहोचण्याची खात्री नसतानाही लिहिणाऱ्याचे मन त्याने सावरले.

पत्रात रोजचे लिहा. अम्मीचे गुडघे, धाकट्याचा निकाल, दारातला आंबा मोहरला, या वार्षिकाला मस्जिदीला रंग दिला. अशा ओळींमुळे कैद्याला वाटते की घरात आपली जागा अजून रिकामी ठेवलेली आहे. खटल्याचा तपशील मात्र पत्रात लिहू नका. पत्रे अधिकारी तपासतात. तो विषय वकिलासमोर बोलावा.

पैसा व वस्तू : नियमानुसार मनी ऑर्डरने किंवा कारागृहाने ठरवलेल्या मार्गानेच रक्कम पाठवावी. ‘आत सगळे पोहोचवतो’ म्हणणारे दलाल प्रत्येक दारात भेटतात. प्रेषितांनी (सल्ल.) लाच देणारा व घेणारा दोघांनाही धिक्कारले आहे. चोरून पाठवलेली तंबाखूची पुडी किंवा मोबाइल यांमुळे आपल्याच माणसावर नवा गुन्हा दाखल होतो आणि त्याच्या सवलती जातात. ही माया नव्हे.

कायद्याची मदत : कोठडीत असलेल्या व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या व्यक्तीने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असल्यास, तर इतरांनी निम्मा काळ काढला असल्यास, सुटकेची तरतूद आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असणाऱ्यांना ती लागू होत नाही. जामीन मंजूर होऊनही जामीनदार किंवा रक्कम नसल्याने कित्येक गरीब आतच राहतात. जमातीतील सधन व्यक्तींनी अशा घरांचा शोध घ्यावा. कैद्याला सोडवण्याच्या प्रेषितांच्या (सल्ल.) आज्ञेचे पालन करण्याची ही आजची संधी आहे.

मागे राहिलेले घर

कैदेची शिक्षा न्यायालय एकाला देते, समाज मात्र ती संपूर्ण घराला भोगायला लावतो. कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हे तत्त्व कुरआनने अनेक ठिकाणी सांगितले आहे. तेव्हा कैद्याच्या बहिणीचे स्थळ नाकारणारे, त्याच्या मुलाला मदरशात टोमणे मारणारे लोक कोणत्या न्यायाने वागतात? पतीच्या कैदेने निकाह आपोआप संपत नाही. त्याची पत्नी सुहागन असूनही एकटी पडते. तिचे भाडे, मुलांची फी, घरातला किराणा यांची चौकशी दीर-सासऱ्यांनी व शेजाऱ्यांनी न मागता करावी. घर गरजू असेल, तर त्याला जकात देता येते.

मुलांना काय सांगावे, हा प्रश्न प्रत्येक मातेला छळतो. आपल्याकडे बहुधा ‘अब्बा आखातात कामाला गेले आहेत’ असे सांगितले जाते. एकदा एका मातेने काही देण्याचे आमिष दाखवून मुलाला जवळ बोलावले. प्रेषितांनी (सल्ल.) तिला विचारले, काय देणार होतीस? तिने खजूर सांगितली. काहीच दिले नसतेस तर तुझ्या नावे एक खोटे लिहिले गेले असते, असे ते म्हणाले. मुलाच्या वयाला पेलेल एवढेच सांगा, पण खरे सांगा. शाळेतल्या दुसऱ्या मुलाच्या तोंडून त्याला सत्य कळले, तर तो पित्याबरोबर मातेवरचाही विश्वास गमावतो.

परतीचा दिवस

सुटकेचा दिवस ही नात्याची खरी परीक्षा असते. कैदेत वर्षे काढलेला मनुष्य बदललेल्या घरात परततो. त्याची नोकरी गेलेली असते, मुले त्याला ओळखत नाहीत. भाऊ समोर हात बांधून उभे राहिले, तेव्हा ह. यूसुफ (अलै.) यांनी, आज तुमच्यावर कोणताही दोषारोप नाही, अशा आशयाचे उद्गार काढले. ज्याच्यावर अन्याय झाला होता त्याने हे म्हटले. मग जो तौबा करून परतला आहे, त्याला प्रत्येक जेवणाच्या ताटावर जुन्या गुन्ह्याची आठवण करून देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? त्याला मस्जिदीच्या सफेत जागा द्या, हाताला हलाल काम द्या आणि जुन्या संगतीपासून दूर राहण्यास साथ द्या.

प्रेषितांच्या (सल्ल.) शिकवणीनुसार, नाते जोडणारा तो नव्हे जो केवळ परतफेड करतो. दुसऱ्या बाजूने तुटले असता जो जोडतो, तोच खरा नाते जोडणारा. कैदेतील माणूस भेटीला येऊ शकत नाही, ईदी पाठवू शकत नाही, आपल्या दुखण्यात धावून येऊ शकत नाही. म्हणूनच त्याच्याशी राखलेले नाते निव्वळ अल्लाहसाठी असते.

या महिन्यात आपल्या परिवारात किंवा मोहल्ल्यात असे एखादे घर असेल तर तेथे जा. पत्र लिहिता न येणाऱ्या मातेचे पत्र लिहून द्या, तिच्यासोबत मुलाकातीला जा. हे अल्लाह, निर्दोष कैद्यांना सन्मानाने मुक्त कर, अपराध्यांना खऱ्या तौबेची सद्बुद्धी दे, पीडितांना त्यांचे हक्क मिळवून दे आणि दाराकडे डोळे लावून बसलेल्या आई-वडिलांना ह. याकूब (अलै.) यांच्याप्रमाणे आपल्या लेकराची भेट घडव. आमीन.