सुट्टीतील रुग्णसेवा आणि एक सही

जुलै उजाडला की रशियात वैद्यकशास्त्र शिकणारी आपल्या समाजातील मुले लिंबायतला परततात, आणि त्यांच्याबरोबर उन्हाळी प्रात्यक्षिकाचा कागदही येतो. तेथे ते सक्तीचे आहे. पहिल्या वर्षानंतर कनिष्ठ सेवकांचा मदतनीस, नंतर वॉर्डातील परिचारिकेचा, पुढे इंजेक्शने देणाऱ्या परिचारिकेचा आणि चौथ्या वर्षानंतर डॉक्टरांचा, असा तो क्रम असतो. जर्मनीतही पहिल्या राज्यपरीक्षेपूर्वी तीन महिन्यांची शुश्रूषासेवा अनिवार्य आहे. आपल्याकडे २०१९ पासून पहिल्याच वर्षी रुग्णदर्शनाची तरतूद झाली. परंतु रुग्ण पाहणे वेगळे आणि त्याचे अंथरूण बदलणे वेगळे.

काही वर्षांपूर्वी एका स्नेह्यांनी असा कागद पुढे केला. "पोर थकून आलंय, सर. तेवढी सही द्या." मी दिली. त्या सहीची मला आजही लाज वाटते.

पुढच्या वर्षी एक मुलगी आली, तिला मात्र मी कामाला लावले. वजने घेणे, लघवी-जुलाबाची नोंद ठेवणे, वाटी-चमच्याने ओआरएस पाजणे, एवढेच. त्या आठवड्यात जुलाबाचे एक आठ महिन्यांचे बाळ दाखल झाले. बाळ कमालीचे चिडचिडे, तहान भागेना. डोळे मात्र फारसे खोल गेलेले नव्हते. "घरी ओआरएस देत होता ना?" असे मी विचारले, आई "हो" म्हणाली आणि मी पुढच्या खाटेकडे वळलो. मुलगी तेथेच बसून राहिली. दोघींचे अहिराणीत बोलणे चालले होते. तासाभराने ती सांगत आली : एक लिटर पाण्याचे पाकीट घरी एका पेल्यात कालवले जात होते.

रक्तातील सोडियम तपासले; ते बरेच वाढलेले होते. असे सोडियम घाईने उतरवल्यास मेंदूला सूज येऊन झटके येतात, म्हणून आम्ही ते दोन दिवस घेऊन हळूहळू खाली आणले. बाळ सुखरूप घरी गेले.

पहिल्या वर्षाच्या त्या मुलीला या विकाराचे नावही ठाऊक नव्हते. माझ्यामागे राउंडला उभी केली असती, तर तीही माझ्याबरोबर पुढच्या खाटेकडे वळली असती.

आता असा कागद आला की मी तो शेवटच्या दिवशीच हाती घेतो, आणि त्यावर वॉर्डातील सिस्टरची सही आधी झालेली आहे का, ते पाहतो.