भाजीपाला पिकांसाठी सेंद्रिय व जैविक खते : किंमत आणि विश्वासार्हतेचा प्रश्न

वाराणसीतील शिंदे घाट आणि भोसले घाट ही नावे मराठी वाचकांना परिचित आहेत. या दोहोंच्या दरम्यान संकठा घाट आहे. तेथील संकठा देवीच्या व परिसरातील अन्य मंदिरांत वाहिलेली झेंडूची फुले, हार आणि बेलपत्रे यांचे निर्माल्य परंपरेने गंगेत विसर्जित केले जाते. नदीत गेले तर ते प्रदूषण ठरते, कुजविले तर खत होते. गंगेच्या पैलतीरावरील रामनगर मोठ्या आकाराच्या वांग्यासाठी प्रसिद्ध असून 'रामनगर भंटा' या वांग्यास २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. भारतीय भाजीपाला संशोधन संस्थाही वाराणसीजवळच आहे. कच्चा माल, पीक आणि संशोधन असे सर्व काही जवळ असता भाजीउत्पादक युरियाचीच गोणी का उचलतो, हा प्रश्न मृदाशास्त्राइतकाच अर्थशास्त्राचाही आहे.

४५ किलो युरियाच्या गोणीची कमाल किरकोळ किंमत, नीमलेपनाचा आकार व कर वगळता, २४२ रुपये आहे. युरियात ४६ टक्के नत्र असल्याने गोणीतून २०.७ किलो नत्र मिळते. म्हणजेच एक किलो नत्र सुमारे १२ रुपयांना पडते. शेणखतात नत्राचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का असते. तेवढेच नत्र शेणखतातून द्यावयाचे झाल्यास चार टनांहून अधिक खत लागेल. शेण फुकट मिळाले असे धरले, तरी ते भरण्याची, वाहून नेण्याची आणि पसरण्याची मजुरी २४२ रुपयांत भागणार नाही. शिवाय त्यातील सर्व नत्र पहिल्याच हंगामात पिकास उपलब्ध होत नाही. शेणखतातून मिळणारे स्फुरद, पालाश, सूक्ष्म अन्नद्रव्ये व सेंद्रिय कर्ब यांचे मोल मात्र या तुलनेत धरले जात नाही, आणि अनुदानाचा भार व भूजलात झिरपणाऱ्या नायट्रेटचा सामाजिक खर्चही गोणीवरील किमतीत दिसत नाही. अर्थशास्त्रात यालाच बाह्य परिणाम म्हणतात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा प्रतिलिटर ४५ मिलिग्रॅम असताना हा खर्च काल्पनिक मानता येत नाही.

तथापि, रासायनिक खतांना संपूर्ण पर्याय असा दावा भाजीपाल्याबाबत करणे धाडसाचे ठरेल. टोमॅटोसारख्या पिकाला हेक्टरी १०० किलो वा त्याहून अधिक नत्राची शिफारस असते आणि त्याची गरज अल्प काळात एकवटलेली असते. सेंद्रिय खतातील अन्नद्रव्ये मात्र सावकाश मुक्त होतात. अॅझोटोबॅक्टर वा अॅझोस्पिरिलम हे जीवाणू अनुकूल स्थितीत हेक्टरी साधारणतः २० ते २५ किलो नत्राची भर घालतात. वाटाणा व चवळी या शेंगवर्गीय भाज्यांत रायझोबियम अधिक उपयुक्त ठरते. स्फुरद विरघळविणारे जीवाणू नव्याने स्फुरद निर्माण करीत नाहीत, तर जमिनीत अडकून पडलेले स्फुरद मोकळे करतात. परीक्षार्थींचा येथे नेहमी गोंधळ होतो. श्रीलंकेने एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली आणि उत्पादन घटल्यावर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तो निर्णय मागे घेतला. संक्रमणाचा खर्च कोणी सोसावयाचा, हे न ठरविता केलेले धोरण टिकत नाही, हेच तेथे दिसले.

अदृश्य गुणवत्तेची बाजारपेठ

जैविक खत हा जिवंत माल आहे. खत नियंत्रण आदेश, १९८५ च्या कक्षेत जैविक व सेंद्रिय खते २००६ मध्ये आणली गेली. वाहकाधारित अॅझोटोबॅक्टर खताच्या प्रत्येक ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत पेशी असणे त्यानुसार बंधनकारक आहे. परंतु पत्र्याच्या छपराखालील दुकानात उन्हाळाभर पडून राहिलेल्या पाकिटातील किती पेशी जिवंत आहेत, हे ना विक्रेता पाहू शकतो ना शेतकरी. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे जे विश्लेषण केले, ते या पाकिटास तंतोतंत लागू पडते. चांगला-वाईट माल ओळखता येत नसल्याने ग्राहक सरासरी दर्जाचीच किंमत मोजतो आणि दर्जा राखणारा उत्पादक बाजारातून हटतो. एकदा निष्फळ पाकीट वापरलेला शेतकरी जीवाणूंना दोष देतो, साठवणुकीला नव्हे. म्हणूनच केवळ खरेदीवर अनुदान देण्यापेक्षा तालुका पातळीवरील तपासणी व थंड साठवण यांवरील खर्च अधिक फलदायी ठरेल.

धोरणाची दिशा काही प्रमाणात बदलली आहे. जून २०२३ मध्ये मंजूर झालेल्या 'पीएम-प्रणाम' योजनेत रासायनिक खतांचा वापर घटविणाऱ्या राज्यास वाचलेल्या अनुदानाच्या ५० टक्के रक्कम देण्याची तरतूद करण्यात आली. गोबरधन प्रकल्पांतील सेंद्रिय खतास टनामागे १,५०० रुपये विपणन साहाय्यही त्याच वेळी मंजूर झाले. वाहतूक हाच सेंद्रिय खताचा मोठा खर्च असल्याने हे साहाय्य योग्य ठिकाणी बोट ठेवते. निर्माल्याच्या खतालाही हाच हिशेब लागू आहे : घाटाच्या अरुंद गल्ल्यांतून फुले उचलणे, त्यातील दोरे व प्लॅस्टिक वेगळे करणे आणि तयार खत शेतापर्यंत पोहोचविणे यांचा खर्च महापालिका स्वच्छतेच्या अंदाजपत्रकात धरणार, की तो खताच्या किमतीत चढणार, यावर त्याचा भाव ठरतो.