नाव ठेवा, अक्षरांचा घोळ ठेवू नका

(सभासद शिक्षण)



बेणं निवडताना आपण किती चौकशी करतो! प्लॉट कुणाचा, बेण्याचं वय नऊ ते अकरा महिन्यांचं आहे का, डोळा चांगला आहे का, रोग-कीड नाही ना. एवढी पाहणी एका लागणीसाठी. नाव तर माणसाला जन्मभर पुरतं, आणि तो गेल्यावरही वारसांच्या कागदावर राहतं. पण बारशाला घुगऱ्या वाटून झाल्या, आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, की ते नाव कागदावर कोणत्या अक्षरांनी जाणार हे विचारायला कुणाला सवड नसते. आजच्या पाठात आपण तेवढाच विषय घेऊ.

घोळ कुठं अडवतो?

समजा, एका सभासदाचं नाव शेअर दाखल्यावर 'मारोतराव' आहे, सातबाऱ्यावर 'मारोती' आहे आणि आधार कार्डावर 'मारुती' आहे. गावाला विचाराल तर तिन्ही माणसं एकच. पण गावाला जे ठाऊक असतं ते कागदाला ठाऊक नसतं. माणूस जिता आहे तोवर तो स्वतः उभा राहून सांगतो, "तो मीच." त्याच्या माघारी शेअर मुलाबाळांच्या नावे करायची वेळ आली, की हे तिघे एकच होते हे सिद्ध करण्याचं काम विधवेच्या आणि लेकरांच्या गळ्यात पडतं. प्रतिज्ञापत्र, साक्षीदार, तालुक्याच्या खेपा. रोजगार बुडतो तो वेगळाच.

गेल्या काही वर्षांत हे काम वाढलं आहे. डिसेंबर २०१८ पासून लागू झालेल्या पीएम-किसान योजनेचे वर्षाला ६,००० रुपये आधारशी जुळल्यावाचून मिळत नाहीत. २०१९ च्या कर्जमुक्ती योजनेतही आधार प्रमाणीकरण करावं लागलं. २०२५ पासून महाराष्ट्रात शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो, आणि तिथं आधारवरचं नाव जमिनीच्या दप्तरातल्या नावाशी ताडून पाहिलं जातं. गंमत अशी, की ती कर्जमुक्ती योजना ज्या महात्मा फुले यांच्या नावाची होती त्यांचं स्वतःचं नावसुद्धा जोतिराव, जोतीराव, ज्योतिराव असं अनेक परींनी छापलेलं सापडतं. महात्म्याला कुणी ओळखपत्र मागत नाही. आपल्याला मागतात.

आपल्याकडचा जुना वारसा

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि दप्तराची भाषा उर्दू होती. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, आणि आपले 'ण' व 'ळ' तिच्यात नाहीत. त्यामुळे बाळूचा बालू आणि नारायणचा नारायन व्हायला वेळ लागत नसे. आज उर्दूच्या जागी इंग्रजी आली, पण अडचण तीच राहिली. इंग्रजीत ल आणि ळ दोन्हींना एकच 'एल', न आणि ण दोन्हींना एकच 'एन', त आणि ट दोन्हींना 'टी'. रमा आणि रामा ही दोन्ही नावं इंग्रजीत एकाच स्पेलिंगनं लिहिली जातात. इंग्रजीवरून मराठी नाव यंत्रानं भरलं आणि आपण ते नजरेखालून घातलं नाही, तर कमळाबाईची कमलाबाई होऊन जाते.

नाव कुठं घसरतं?

पहिली जागा जोडाक्षराची. 'ज्ञ' घ्या. ज्ञानोबा, ज्ञानेश्वर ही आपल्या घराघरातली नावं. मराठी माणूस इंग्रजीत 'डी-एन-वाय' लिहितो, हिंदी वळणाचा कारकून 'जी-वाय' लिहितो. लक्ष्मणच्या 'क्ष'ला कुणी 'एक्स' घालतं, कुणी 'के-एस-एच'. विठ्ठलमध्ये 'टी' एक की दोन, यावर तर घरातच एकमत नसतं. हृषीकेशचा ऋषिकेश होतो आणि इंग्रजीत आणखी दोन-तीन रूपं घेतो.

दुसरी जागा ऱ्हस्व-दीर्घाची. दीपक, नीलेश, रवींद्र, सूर्यकांत, पूजा, सुनीता, कीर्ती ही बरोबर रूपं. पण दिपक, निलेश, रविंद्र, सुर्यकांत, पुजा, सुनिता, किर्ती हीच पाट्यांवर जास्त दिसतात. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या, शासनानं मान्य केलेल्या नियमांप्रमाणे नावाच्या शेवटची इ-उ दीर्घ लिहावी: हरी, ज्योती. एवढा एक नियम घरात ठाऊक असला तरी अर्धा घोळ कमी होतो.

तिसरी जागा शेपटाची. राव, बा, जी, बाई, आप्पा. मुंजा, मुंजाजी, मुंजाभाऊ. दत्ता, दत्तराव, दत्तात्रय. हाक मारायला काय वाटेल ते म्हणा, मायेची हाक कुणी अडवत नाही. कागदावर मात्र एकच.

मग चांगलं नाव कोणतं?

गंगाखेडची जनाबाई घ्या. सातशे वर्षं झाली, हे नाव लिहिताना कुणाचा हात अडला नाही. नरसीचे नामदेव (नरसी १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होती, आता हिंगोलीत) हे मराठीत तसंच सरळ; फक्त इंग्रजीत 'देव'च्या शेवटी 'व्ही' की 'ओ' एवढं ठरवावं लागतं. सागर, माधव, केशव, रमेश, लता, आशा, शोभा अशी नावं कानावर पडली की हातातून तशीच उतरतात.

याचा अर्थ आजोबांचं ज्ञानोबा नाव टाकून द्या, असं आम्ही म्हणत नाही. सोपेपणा हा एकच निकष नाही. 'नकोशी' हे नाव लिहायला किती सोपं! पण २०११ साली सातारा जिल्ह्यात अडीचशेहून जास्त मुलींची ही नावं समारंभानं बदलावी लागली. नावात आधी माणसाचा मान, मग अक्षरांची सोय. अवघड नाव आवडलं तर जरूर ठेवा. मात्र त्याचं मराठी आणि इंग्रजी रूप त्याच दिवशी ठरवा आणि पुढं सगळीकडं तेच चालवा.

पहिली नोंद महत्त्वाची

१९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्माची खबर २१ दिवसांत द्यावयाची असते. नाव ठरलं नसेल तर नावाशिवाय नोंद होते. नाव १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क आणि पुढे १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येतं. तेव्हा घाईनं काहीतरी लिहून देण्याचं कारण नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, आधार, मतदार यादी, सरकारी नोकरी या सगळ्यासाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा धरतात. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही येतं: आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे आता सूनबाईचं नावही कागदावर नीट असायला हवं. आधारवरचं नाव आयुष्यात साधारण दोनदाच दुरुस्त करता येतं, हेही ध्यानात घ्यावे.

चूक पहिल्या नोंदीत राहिली, की तिचा खोडवा येत राहतो: शाळेत, बँकेत, सातबाऱ्यावर, आणि शेवटी शेअर दाखल्यावर.

घरचा अभ्यास

१. ठरवलेलं नाव तीन जणांना नुसतं तोंडी सांगा: चौथीतलं पोर, एखादे शिक्षक आणि सेवा केंद्रात टंकणारा मुलगा. तिघांनी सारखं लिहिलं तर नाव पास. वेगवेगळं लिहिलं तर रूप ठरवून कागदावर मांडा.

२. नोंदीला जाताना नाव तोंडी सांगू नका, चिठ्ठीवर मराठी व इंग्रजी दोन्ही लिहून न्या. दाखला हातात पडताच तिथंच अक्षर न् अक्षर वाचा. वाचता येत नसेल तर वाचणारा सोबत न्या.

३. आज रात्री जेवणं झाल्यावर घरातले शेअर दाखला, सातबारा, आधार आणि बँकेचं पासबुक एका जागी मांडा आणि चारही नावं ताडून पाहा. फरक दिसला तर गाळप सुरू होण्याआधी दुरुस्तीला लागा. धनी जिता असताना एका अर्जात होणारं काम, त्याच्या मागं घरच्यांना वर्षभर पुरतं.