झोपेची थकबाकी गोळीने फिटत नाही

प्रश्न : वय ३४. रात्री जेमतेम पाच तास झोप मिळते, दिवसभर थकवा असतो. टेस्टोस्टेरॉन वाढावं म्हणून जिममधल्या मित्राच्या सांगण्यावरून झिंक आणि अश्वगंधा घेतो. चालू ठेवू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : घाबरू नका, पण तुमच्या थकव्याचं खरं कारण तुम्हीच पत्राच्या पहिल्या ओळीत लिहिलं आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घटलं. सहभागी अवघे दहा होते, हे खरं. तरीही या हार्मोनचा बराचसा स्राव झोपेत होतो, त्यामुळे निष्कर्ष पटण्याजोगा आहे. झिंकचा उपयोग शरीरात त्याची कमतरता असेल तरच. जास्त झिंक दीर्घकाळ घेतलं तर उलट तांबं कमी होतं. ‘अश्वगंधा तर आपली आयुर्वेदातली, तिचा कसला अपाय?’ असं तुम्ही म्हणाल. काही छोट्या चाचण्यांत तिच्यामुळे टेस्टोस्टेरॉनमध्ये थोडी वाढ दिसली आहे, पण यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. थायरॉईडची गोळी चालू असेल तर अश्वगंधा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. तूर्त दोन्ही थांबवा, सात तास झोपा, पोट सुटलं असेल तर वजन उतरवा. दोन-तीन महिन्यांनीही थकवा राहिला तर हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर तपासा. टेस्टोस्टेरॉनची तपासणी सकाळी उपाशीपोटी करावी, आणि कमी आल्यास पुन्हा एकदा. जिममध्ये कुणी इंजेक्शन सुचवलं तर मात्र साफ नकार द्या. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनने शुक्राणूंची निर्मिती मंदावते, कधी थांबतेही.